व्याख्येच्या मागे एक कुत्रा असतो

मानसशास्त्राच्या सुरुवातीच्या पुस्तकात धडा संपला की एक चौकट असते. अभिसंधान, प्रबलन, विलोपन, अल्पकालीन स्मृती, गुणारोपण, बोधनिक विसंगती. परीक्षा जवळ आली की मुलं धडा सोडतात आणि चौकट धरतात. माझी भाची गार्गी यंदा अकरावीला आहे. तिच्या आईवडिलांची सारखी बदली होते, म्हणून ती शिकायला इथे इंदूरला, आमच्या रामबागेतल्या घरी आलीय. तिचं माध्यम इंग्रजी, त्यामुळे आमच्या घरात हे शब्द कंडिशनिंग, रिइन्फोर्समेंट, एक्स्टिंक्शन अशा रूपात फिरतात. ती जिन्यात येरझाऱ्या घालत पाठ करते आणि मी खाली भाजी निवडताना ऐकते. बी.ए.ला माझाही हाच विषय होता, त्यामुळे जीभ शिवशिवत राहते.

माझी तक्रार त्या चौकटीबद्दल आहे. कुणीतरी, कुठल्यातरी खोलीत, कुत्र्याला, मांजराला नाहीतर बिचाऱ्या विद्यार्थ्याला बसवून काहीतरी केलं, मोजलं, बुचकळ्यात पडला आणि मग त्या शब्दाची गरज लागली. खोली आणि कुत्रा काढून टाकला की शब्द मोकाट सुटतो आणि घरातल्या कुणालाही चिकटतो.

इंदूरकराला कंडिशनिंग, म्हणजे अनुभवातून वागणं घडत जाणं, समजवायला मात्र कुत्रा लागत नाही, कचरागाडी पुरते. स्वच्छ सर्वेक्षणात शहराने २०१७ मध्ये पहिला नंबर घेतला आणि मग तो वर्षानुवर्षं सोडला नाही. त्या नंबराचं आमच्या गल्लीतलं रूप म्हणजे सकाळी तिच्या तोंडाशी वाजणारं कचरागाडीवरचं गाणं. ते कानावर आलं की अर्धा चहा तसाच ठेवून माणसं उठतात आणि ओल्या-सुक्याच्या बादल्या घेऊन फाटकाशी उभी राहतात. गार्गी एकदा गॅलरीतून हे बघत म्हणाली, “मावशी, अख्खी गल्ली पाव्हलॉव्हचे कुत्रे!” शेजारच्या काकूंनी ऐकलं नाही हे नशीब.

पण हे पाव्हलॉव्हचं खरंच आहे का? इव्हान पाव्हलॉव्ह मूळचा शरीरक्रियाशास्त्रज्ञ. त्याला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी. कुत्र्याची लाळ नळीने बाहेर घेऊन मोजायचं काम चाललं होतं आणि त्यात एक कटकट उभी राहिली. अन्न तोंडात पडायच्या आधीच लाळ सुटायची. खाणं आणणारा माणूस दिसला, त्याची चाहूल लागली, की झालं. दुसऱ्या कुणी वैतागून कुत्रा बदलला असता. यानं त्या कटकटीलाच विषय केलं आणि पुढची सगळी वर्षं तिच्यात घातली. लोकांच्या लक्षात घंटा राहिली. त्यानं ठोके देणारा मेट्रोनोम, बझर, दिवे असं बरंच काही वापरलं होतं. मुद्दा लाळेचा आहे. लाळ आपण ठरवून सोडत नाही.

बादली उचलणं आपण ठरवतो. नाही उचलली तर गाडी पुढे जाते आणि दुपारपर्यंत ओला कचरा वास मारायला लागतो. म्हणजे कृती, तिचा परिणाम, आणि परिणामामुळे पक्की होणारी कृती. हा कप्पा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरचा. गाणं इथे एवढंच सांगतं की आत्ता बादली उचलण्यात अर्थ आहे, दहा मिनिटांनी नाही. पण अंघोळीला गेल्यावर गाणं वाजलं की छातीत जे धस्स होतं ना, ते मात्र पाव्हलॉव्हचं. एकाच गाण्यात दोघंही नांदतात. गार्गीला हे पटायला दोन पोळ्या लागल्या, आणि तिसरी घेताना ती म्हणाली की परीक्षेत एवढं लिहायला जागा नसते. ते खरंच आहे.

विलोपनाचं, म्हणजे शिकलेलं विझण्याचं, तर आणखी मजेशीर. तिच्या वहीत उदाहरण होतं: “माणूस दुसऱ्या शहरात गेला, गाणं ऐकू येईनासं झालं, सवय गेली.” आम्ही पुण्याला नणंदेकडे चांगला मुक्काम ठोकून आलो, तरी परतल्यावर पहिल्याच सकाळी नवऱ्याचे पाय फाटकाकडे वळले. नुसतं न ऐकण्यानं काही विझत नाही. विझायला गाणं वाजायला हवं आणि गाडी यायला नको, तेही पुन्हा पुन्हा. एवढं करूनही पाव्हलॉव्हला दिसलं होतं की विझलेली लाळ मध्ये थोडा वेळ गेला की आपोआप परत येते. सिगारेट सोडलेल्यांना हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

चौकटीतला सगळ्यात जास्त छळला गेलेला शब्द म्हणजे निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट. दहातली नऊ मुलं त्याखाली शिक्षा लिहितात. मी गार्गीला शीतलामाता बाजारातला प्रसंग सांगितला, कारण तो आम्ही दोघींनी उभं राहून पाहिला होता. दुकानात आई साड्या बघतेय, तीन-चार वर्षांचा मुलगा गादीवर लोळण घेऊन रडतोय. आधी आईनं डोळे वटारले. मग पदर ओढून झाला. मग रडणं टिपेला गेलं आणि दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली, तशी तिनं पर्समधून टॉफी काढली. शांतता. आई परत पैठणीकडे.

या एका मिनिटात दोघं शिकले. मुलाच्या रडण्याला टॉफी मिळाली, म्हणजे काहीतरी हवंसं आलं. पुढच्या वेळी तो रडेल. आईच्या टॉफी देण्याने रडणं थांबलं, म्हणजे काहीतरी नकोसं गेलं. पुढच्या वेळी ती पर्स लवकर उघडेल. आईचं शिकणं हे निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट. यात शिक्षा कुणालाच झाली नाही, झाली असलीच तर दुकानदाराला. आणि आई दर वेळी टॉफी देत नाही, कधी दुसऱ्या किंचाळीला, कधी सहाव्या, यानं तर रडणं आणखी चिवट होतं. स्किनरच्या कबुतरांनी हेच दाखवलं होतं: बक्षीस कधी मिळेल याचा अंदाज नसला की टोचणं थांबतच नाही. मोबाइलवर रील सरकवणाऱ्या अंगठ्याबद्दल वेगळं लिहायला नको.

आता माई. माई म्हणजे माझ्या सासूबाई. ऐंशी ओलांडलीय, आणि गेल्या काही वर्षांत विसरणं इतकं वाढलंय की डॉक्टरांनी त्याला नाव दिलंय. गार्गीला त्या रोज विचारतात, “तू कुणाची गं?” गार्गी रोज सांगते. त्यांच्या गुडघ्यांचे व्यायाम करून घ्यायला एक मुलगा येतो, गोड आहे, पण गुडघा वाकवताना माईंना दुखतंच. तो दारात आला की माई माझ्याकडे बघून म्हणतात, “हा कोण? मी नाही याला कधी पाहिलं.” आणि हे म्हणता म्हणता त्यांचे दोन्ही हात लुगड्याचा काठ गुडघ्यांवर ओढून घेतात, पाय खाटेखाली सरकतात. प्लंबर आला, वीजमंडळाचा माणूस आला, तर असं होत नाही. त्या पायांना हा मुलगा ठाऊक आहे.

गार्गीनं हे पाहिलं त्या दिवशी मी तिला क्लापारेदची गोष्ट सांगितली. एदुआर क्लापारेद हा जिनिव्हाचा डॉक्टर. त्याच्याकडे एक बाई होती, तिला नवं काही लक्षात राहायचं नाही, रोज भेटणाऱ्या डॉक्टरशी ती रोज नव्यानं ओळख करून घ्यायची. एके दिवशी यानं बोटांत टाचणी लपवून हात मिळवला. नंतर त्यानं हात पुढे केला तर बाईनं हात मागे घेतला. का, ते तिला सांगता येईना. हे त्यानं १९११ मध्ये लिहून ठेवलं. आजच्या नियमांत त्याला असली टाचणी कुणी लावू दिली नसती, आणि बरंच आहे ते.

मग १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या मेंदूवर अपस्माराचे झटके थांबवायला शस्त्रक्रिया झाली. नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा दोन्ही बाजूंचा बराच भाग काढला. झटके पुष्कळ कमी झाले, पण त्यानंतरचं आयुष्य त्याच्या मनात साठेना. ब्रेंडा मिल्नर ही मानसशास्त्रज्ञ त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला लावायची. हे अवघड असतं, हात उलटाच जातो. तीन दिवसांत त्याचा हात सफाईदार झाला आणि तिसऱ्या दिवशीही त्याचं म्हणणं हेच, की असलं काही मी आधी केलेलं नाही. तो २००८ मध्ये गेला, तोवर पुस्तकांत त्याची फक्त आद्याक्षरं छापली जात. चौकटीत याचं एवढंच उरतं: “स्मृतीचे दोन प्रकार, प्रकट आणि अप्रकट.” मी म्हटलं, माईंचे पाय लिही. ती म्हणाली, “मार्क कापतील.” पण तिनं वहीच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं.

विस्मरणाच्या वक्राचंही असंच. तो घसरगुंडीसारखा आलेख प्रत्येक कोचिंग क्लासच्या जाहिरातीत असतो: “एका दिवसात ६६ टक्के विसरता!” हर्मान एबिंगहाउसनं १८८५ मध्ये तो छापला तेव्हा प्रयोगाचा विद्यार्थी तो स्वतःच होता, दुसरा कुणी नाही. निरर्थक अक्षरगट, ठरावीक वेगानं, घड्याळ लावून पाठ करायचे. मग काही काळानं तेच पुन्हा पाठ करायचे आणि या खेपेला किती वेळ वाचला ते मोजायचं. एका तासानंतर ४४ टक्के वेळ वाचला, एका दिवसानंतर ३४ टक्के, महिन्यानंतरही २१ टक्के. म्हणजे त्यानं आठवण मोजलीच नव्हती, पुन्हा शिकण्यातली बचत मोजली होती. आणि तीही अर्थ नसलेल्या अक्षरांची. आषाढीला म्हटलेला अभंग किंवा पहिल्या प्रेमपत्रातली ओळ त्या वक्रावर बसत नाही. क्लासवाले हे सांगत नाहीत, कारण मग फी कशाची घ्यायची.

आठवणींच्या धड्यात मी रमते, बाकीच्यात जरा पटकन जाते. गुणारोपणाचा धडा मात्र आमच्या घराला लागू आहे. पुस्तक म्हणतं, दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो, परिस्थिती विसरतो. ही चूक मूलभूत आहे, असं १९७७ मध्ये ली रॉस या मानसशास्त्रज्ञानं तिचं नावच ठेवलं. आमच्याकडे हळदीकुंकवाला उशिरा येणारी सून आळशी असते, आणि आपल्याला उशीर झाला तर रस्त्यात मेट्रोचं खोदकाम असतं, इथपर्यंत पुस्तकाशी माझं पटतं. पण १९८४ मध्ये जोन मिलर या संशोधिकेनं शिकागोच्या अमेरिकनांना आणि म्हैसूरच्या हिंदूंना ओळखीतल्या माणसाचं एखादं बरंवाईट वागणं आठवायला सांगून त्याचं कारण विचारलं. अमेरिकन प्रौढ स्वभावाकडे जास्त गेले. म्हैसूरची मंडळी परिस्थिती, नाती, जबाबदाऱ्या सांगत राहिली. लहान मुलांत मात्र हा फरक फारसा नव्हता, वय वाढेल तसा तो वाढत गेला. म्हणजे ही चूक कितपत मूलभूत, हे कुठल्या गावी वाढलात त्यावर ठरतं. आमच्या काकूंना विचारा, जावई दारू का पितो? “अहो, साडेसाती चालू आहे, शिवाय बॉस वाईट.” स्वभावाचं नाव नाही. तीच सून असेल तर स्वभाव. हा तिसरा प्रकार कुठल्याच प्रयोगशाळेत अजून बसलेला नाही.

आणि बोधनिक विसंगती. दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, मन अस्वस्थ होतं, मग आपण एक बदलतो. लिऑन फेस्टिंगरचा सिद्धांत, १९५७. त्याचं एक मूळ बिहारमध्ये आहे हे मुलांना कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. १९३४ च्या जानेवारीत बिहारला मोठा भूकंप झाला. जमुना प्रसाद यांनी त्यानंतरच्या अफवा गोळा केल्या, त्या अशा भागातल्या, जिथे धक्के जाणवले पण पडझड झाली नाही. आता महापूर येणार, वादळ येणार, अमक्या दिवशी पुन्हा धरणी हादरणार. फेस्टिंगर हे वाचून अडकला. घाबरलेली माणसं स्वतःला आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का पसरवतील? दुर्गानंद सिन्हांनी दार्जिलिंगच्या दरडी कोसळल्यावरच्या अफवा पाहिल्या होत्या. तिथे नासधूस डोळ्यांसमोर होती आणि पुढच्या संकटाच्या वावड्या जवळपास नव्हत्या. दोन्ही शेजारी ठेवून फेस्टिंगरनं असं धरलं की जिथे भीती आहे आणि भिण्यासारखं काही दिसत नाही, तिथे मन भीतीला साजेशी बातमी शोधतं.

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री अकरानंतर येणारे “अत्यंत महत्त्वाचे, सगळ्यांना पाठवा” मी तेव्हापासून जरा दयेनं वाचते. पाठवणारे आमचे मोठे दीर एकटे राहतात, मुलगा कॅनडात. धक्का जाणवलाय, पडझड दिसत नाही. गार्गी याला “फेक न्यूज” म्हणते आणि ग्रुप म्यूट करते. मी फोन करते. दोन्ही उपाय चालतात असं दिसतं.

आता त्या मोकाट शब्दांकडे. मी बादल्या घासते म्हणून मला “ओसीडी”, म्हणजे तेच ते करायला लावणारा मनाचा आजार. नवरा लग्नाला यायचं टाळतो म्हणून “इंट्रोव्हर्ट”. गार्गीच्या मैत्रिणीचा गणिताचा पेपर वाईट गेला तो “ट्रॉमा”. मी चिडले तर “प्रोजेक्शन”. शेवटचं उगाळून उगाळून असं झालंय की घरात कुणी काही बोलूच शकत नाही. बोललं की ते आपल्याच मनातलं. फ्रॉइडला हा फायदा झाला असावा. ओसीडी असलेल्या माणसाला मी जवळून पाहिलंय. हात धुताना त्याला समाधान नव्हतं, तो रडत होता. माझ्या बादल्या घासण्यात मला भारी समाधान असतं.

लेबलं इतकी सहज का बसतात, त्याचंही उत्तर पुस्तकातच आहे. १९४८ मध्ये बर्ट्रम फोररनं आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं म्हणून व्यक्तिमत्त्वाचं वर्णन दिलं. पाचपैकी किती जुळतं, विचारलं. सरासरी ४.२६. मग कळलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, त्यातला बराच मजकूर फुटपाथवरच्या भविष्याच्या पुस्तकातला. आमच्याकडे पत्रिका बघून “तुम्ही लोकांसाठी खूप करता पण यश येत नाही” असं सांगितलं की समोरचा डोळे पुसतो. मी हे गार्गीला सांगितल्यावर ती आपल्या “पर्सनॅलिटी टाइप”च्या ॲपबद्दल दिवसभर गप्प होती.

एक गोष्ट मात्र तिच्या पुस्तकापेक्षा आजची पिढी बरी जाणते: सगळे प्रयोग टिकत नाहीत. २०१५ मध्ये शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले, तर जेमतेम ३६ टक्क्यांत पुन्हा ठोस निकाल आला. मला यात विषयाची नाचक्की वाटत नाही. स्वतःचंच जुनं काम काढून, पुन्हा मोजून, निकाल छापणारे विषय थोडे असतात.

तर परवा तिच्या प्रॅक्टिकलच्या फाइलसाठी घरातच प्रयोग झाला. जेम्स डीझनं १९५९ मध्ये केला होता, रोडिगर आणि मॅकडरमॉटनं १९९५ मध्ये पुढे आणला. एकाच गोष्टीभोवतीचे शब्द वाचून दाखवायचे, ती गोष्ट मात्र यादीत घालायची नाही, मग आठवतील ते लिहायला सांगायचे. त्यांच्याकडे झोप होती. पांघरूण, थकवा, जांभई असं सगळं. गार्गीनं यादी इंदुरी केली. सेव, जिरावन, जिलेबी, बडीशेप, कढीपत्ता, मोहरी, कांदा, लिंबू, कोथिंबीर, शेंगदाणे, हिरवी मिरची, डाळिंबाचे दाणे, कढई, वाफ, सकाळ. नवरा, शेजारच्या काकू आणि त्यांचा कॉलेजातला मुलगा असे तिघं बसले. काकूंनी अर्धे शब्द कमी लिहिले पण त्यांत “पोहे” होते. मुलाच्या कागदावरही. नवऱ्यानं “पोहे” वरून तिसऱ्या ओळीत लिहिलं आणि खाली रेघ मारली.

“यादीत पोहे नव्हते, काका.”

“होते. जिलेबीच्या आधी. तुझ्या आवाजात ऐकलंय मी.”

तिनं कागद दाखवला. त्यानं तो उलटा करून पाहिला, चष्मा पुसला, परत वाचला आणि कागद बदललाय असा निकाल दिला. काकू त्याच्या बाजूनं. आता त्यानं आमच्यासाठी स्वतः यादी काढायला घेतलीय. मला टेबलावर दिसली, भुट्ट्याचं कीस, गराडू, रबडी, दहीवडा, रात्र, गर्दी अशी, म्हणजे गाळलेला शब्द सराफा, आमचा रात्रीचा खाऊबाजार, असणार हे उघड आहे. गार्गीचं म्हणणं, आधी कळलं तरी माणूस फसतो, फक्त थोडा कमी. रविवारी जेवणानंतर बसायचं ठरलंय, आणि काकूंनी पंच म्हणून आपलं नाव दिलंय.